ठाण्यातला लेंटचा मौन प्रार्थना कोर्स: सविस्तर रिव्ह्यू

ज्यांना थोडक्यात हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, जा. सगळं मराठीत आहे, फी ठरलेली नाही, कुठल्याही चर्चचे असाल किंवा ख्रिस्ती नसाल तरी चालतं, आणि "मन शांत झालं, बरं वाटलं" एवढ्यावर तुम्हाला सोडून देत नाहीत. तक्रारीही आहेत, त्यातली एक मोठी आहे, ती खाली लिहिलीये, आणि म्हणूनच जागेचं नाव टाकत नाहीये. ठाणे पश्चिमेला एका पॅरिशच्या (म्हणजे कॅथलिक चर्चच्या) शाळेमागचा हॉल आहे, पहिल्या मजल्यावर, स्टेशनवरून रिक्षाने जाता येतं. लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, जवळ आलं की नोटीस लागते, आपापल्या मंडळीत (म्हणजे प्रोटेस्टंट चर्चमध्ये) किंवा पॅरिशमध्ये विचारलंत तर कळेल.

मी ऐरोलीची, आमची मंडळी प्रोटेस्टंट, घराणं मूळ नगरकडचं. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे बोलायची. उपासनेत गीत, शास्त्रपाठ म्हणजे बायबलवाचन, संदेश, मग पाळकसाहेबांची प्रार्थना, घरी आजारी माणसासाठी प्रार्थना, परीक्षेसाठी, नोकरीसाठी, गाडी घेतली तर गाडीसाठी, आणि सगळी शब्दांत. देवासमोर काहीही न मागता नुसतं गप्प बसायचं हे आमच्यात फारसं कुणी शिकवत नाही, उलट बऱ्याच जणांना त्याची भीतीच वाटते. मी जाणार म्हटल्यावर एका मावशींनी ऐकवलंच, "अगं मन रिकामं ठेवलं की त्यात काय शिरेल सांगता येत नाही." म्हणून जरा मोठं लिहितेय, कारण मराठी ख्रिस्ती लोकांना या विषयावर आपल्या भाषेत वाचायला फार कमी मिळतं आणि जे मिळतं त्यात एकतर नुसतं कौतुक असतं नाहीतर नुसती धास्ती.

कोर्स लेंटच्या सहा शनिवारी, संध्याकाळी पाच ते साडेसात. आधी वीस मिनिटं मौन, मग कोर्स घेणाऱ्या सिस्टर (कॅथलिक संन्यासिनी) शिकवतात, मग चहा-बिस्किट, मग छोट्या गटात बोलणं आणि शेवटी परत थोडं मौन. पद्धत सोपी आहे म्हणजे सांगायला सोपी आहे. एक छोटा शब्द निवडायचा, प्रभू, अब्बा, येशू, जो आपल्याला जवळचा वाटेल तो, डोळे मिटून ताठ बसायचं, आणि आपण विचारांत वाहत गेलोय हे लक्षात आलं की हळूच त्या शब्दाकडे परत यायचं. विचारांशी भांडायचं नाही. शब्दाचा सतत जपही करायचा नाही, तो फक्त परत यायची खूण. १९७० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या स्पेन्सर इथल्या ट्रॅपिस्ट मठातल्या तीन संन्याशांनी, विल्यम मेनिंगर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग यांनी, संसारी माणसांना जमेल अशा रीतीने ही पद्धत मांडली, आणि त्यांनी ती घेतली चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रज लेखकाकडून. सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं असं रोज करा असं सांगतात. महापेला नोकरी, घरात म्हातारी सासू आणि शाळेतली पोरं असताना दोन वेळा जमत नाही, सकाळचं एक जमतं, आणि सिस्टर त्यावरून कुणाला टोचून बोलत नाहीत ही मला फार मोठी गोष्ट वाटली.

हॉल शांत असेल अशी अपेक्षा ठेवू नका. मार्चचा उकाडा, पंखे घरघरतात, खाली रिक्षांचे हॉर्न, आणि एका शनिवारी तर समोरच्या ग्राउंडवर हळदीचा डीजे ऐन मौनाच्या वेळी सुरू झाला. दोन-तीन जणांनी खिडक्या लावायला घेतल्या तर सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या, त्यांच्याही घरात आज आनंद आहे, त्यांच्यासकट बसू." त्या दिवशी माझा शब्द मला एकदाही नीट सापडला नाही, पण शेवटी-शेवटी चिडचिड गेली होती हे खरं.

शिकवण्याचा दर्जा खरंच चांगला आहे. मला वाटलं होतं हे काहीतरी अलीकडचं, योगा-बिगा बघून चर्चने सुरू केलेलं असेल, तर तसं अजिबात नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या स्त्री-पुरुषांपासून सिस्टरांनी सुरुवात केली. त्यातल्या इव्हाग्रियसने मनात येणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती, खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, मोठेपणाची हौस आणि गर्व, आणि पुढे कॅथलिक शिकवणीतली सात पापांची यादी यातूनच आली. यातल्या कंटाळ्याचं त्याने केलेलं वर्णन सिस्टरांनी सांगितलं तेव्हा अख्खा हॉल एकमेकांकडे बघायला लागला. दुपारची वेळ, संन्यासी खोलीत बसलाय, दिवस पन्नास तासांचा वाटतोय, तो सारखा खिडकीशी जाऊन सूर्य किती सरकला ते बघतो, कुणी भेटायला येतंय का बघतो, मग त्याला वाटायला लागतं की इथल्या लोकांत प्रेमच उरलेलं नाही, दुसरीकडे कुठे गेलो तर बरं होईल. आता त्या खिडकीच्या जागी मोबाइल ठेवा. ऑफिसात दुपारी तीन वाजता माझं नेमकं हेच चाललेलं असतं, नोकरी बदलावी इथपर्यंत. सोळाशे वर्षांपूर्वी वाळवंटात बसलेल्या माणसाला हे कळलं होतं याचं मला अजून नवल वाटतं.

दुसरी पद्धत शास्त्रपाठाची. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठाधिकाऱ्याने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, आधी वाचायचं, मग मनन, मग प्रार्थना, आणि मग काही न बोलता देवापाशी थांबायचं. प्रोटेस्टंट माणसाला ही सगळ्यात सोपी जाईल कारण हातात पवित्र शास्त्रच असतं. आम्हाला यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय दिला होता, उपास कसा करावा त्याचा. देव म्हणतो की मान वाकवून गोणपाटावर बसलात म्हणजे उपास झाला का, मला हवा तो उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं, बेघराला घरात घेणं, आणि आपल्याच रक्ताच्या माणसापासून तोंड न लपवणं. हळूहळू तीन-चारदा वाचायचं आणि जिथे मन अडकेल तिथे थांबायचं. आमच्या गटात टीएमटीतून (ठाण्याच्या बससेवेतून) रिटायर झालेले एक काका होते, ते शेवटच्या ओळीवर अडकले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माझा सख्खा भाऊ कळव्याला राहतो, जागेवरून बोलणं बंद आहे, मी लेंटमध्ये मटण सोडतो दरवर्षी." एवढंच. कुणी सल्ला दिला नाही, गटात सल्ला द्यायचा नाही हा नियमच आहे आणि तो कडक पाळतात. पुढे काय झालं ते मी सांगणार नाही, तो त्यांचा विषय आहे.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हा कोर्स बाकी मेडिटेशनच्या ॲप आणि वीकेंड पॅकेजांपेक्षा मला वेगळा वाटला. तिकडे शांतता हा माल आहे, झोप चांगली लागेल, काम जास्त होईल, बॉसचा राग येणार नाही वगैरे. इथे पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या की वीस मिनिटांत काय वाटलं ते मला सांगू नका, उरलेल्या दिवसात तुम्ही कुणाशी कसे वागता ते बघा. त्या म्हणाल्या की हे माझं नाही, आविलाच्या तेरेसाचं आहे. सोळाव्या शतकातली ही स्पॅनिश संन्यासिनी, प्रार्थनेतल्या अनुभवांवर तिच्याइतकं बारकाईने लिहिणारं कुणी सापडणार नाही, आणि तीच सांगते की आपलं देवावर प्रेम आहे की नाही याची खात्री देता येत नाही पण शेजाऱ्यावर आहे की नाही हे मात्र कळतं, तेवढी एक खूण धरून चाला. तिने नुसतं लिहिलं नाही, विरोध सोसून जागोजागी नवे, साधे, गरिबीत राहणारे मठ काढले.

थॉमस मर्टन या अमेरिकन संन्यासी-लेखकाबद्दल एक अख्खं सेशन होतं आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. जग सोडायचं म्हणून हा माणूस १९४१ साली केंटकीतल्या गेथसेमनी मठात गेला, आणि १८ मार्च १९५८ ला कामासाठी लुईव्हिल शहरात गेला असताना भर बाजारात एका चौकात उभा राहिला आणि त्याला एकदम जाणवलं की ही सगळी अनोळखी माणसं माझी आहेत, यांच्यापासून वेगळा असा मी कुणी पवित्र माणूस नाही. तिथून पुढे तो अणुबॉम्बविरुद्ध, युद्धाविरुद्ध, काळ्या लोकांवरच्या अन्यायाविरुद्ध लिहायला लागला, इतकं की १९६२ मध्ये त्याच्याच वरिष्ठांनी युद्धावर काही छापायला मनाई केली. मौनात गेला म्हणून तो लोकांकडे परत आला, हे मी अजून पचवतेय. ठाणे स्टेशनला संध्याकाळी सहा-साडेसहाच्या गर्दीत पुलावर उभं राहून ही सगळी माणसं माझी आहेत असं वाटून बघा, मी केलाय प्रयत्न, धक्के खात-खात, आणि एखाददुसरा क्षण वाटतं तसं.

आपल्या ठाण्याचा संबंधही सिस्टरांनी सांगितला, तो कितीतरी ठाणेकरांना माहीत नसेल. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी इथे ठाण्यात मारले गेले, त्यातले तोलेंतिनोचे थॉमस म्हणजे इटलीत असताना गरिबीचं व्रत कडक पाळा म्हणून हट्ट धरल्याबद्दल स्वतःच्याच संघाने ज्यांना तुरुंगात टाकलं होतं ते. पुढे ओदोरिक नावाचा त्यांच्याच संघातला प्रवासी इथे आला आणि त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला. म्हणजे प्रार्थना आणि गरिबांसारखं जगणं या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या नाहीत असं म्हणणारा माणूस सातशे वर्षांपूर्वी याच गावात येऊन गेला होता.

आणि फादर स्टॅन स्वामींचं नाव निघालं तेव्हा हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली, पण सिस्टर थांबल्या नाहीत आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. झारखंडच्या आदिवासींसोबत आयुष्य काढलेले हे जेझुइट (येशूसंघाचे धर्मगुरू), ऑक्टोबर २०२० मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी भीमा कोरेगाव-एल्गार परिषद केसमध्ये अटक झाली, पार्किन्सन्समुळे पेला हातात धरता येत नव्हता, आमच्या नवी मुंबईतल्या तळोजा जेलमध्ये होते, आणि जामिनाचा निकाल लागायच्या आधीच ५ जुलै २०२१ ला गेले. सिस्टरांनी केसबद्दल भाषण दिलं नाही. त्यांनी फक्त फादरांच्या जेलमधल्या पत्रातली गोष्ट सांगितली की सोबतचे कैदी आपल्याला जेवायला, कपडे धुवायला मदत करतात, ते फार गरीब घरचे आहेत, त्यांची आठवण प्रार्थनेत ठेवा. मी रोज ज्या शहरात रेल्वेने ये-जा करते त्याच शहरात हे घडत होतं. त्या दिवशीचं शेवटचं मौन मला फार जड गेलं.

मग चौथ्या शनिवारी गृहपाठ. तुमच्या बिल्डिंगमध्ये किंवा ऑफिसमध्ये रोज दिसणाऱ्या, तुमची कामं करणाऱ्या एका माणसाशी या आठवड्यात बोला. देव सांगायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं, मौनात जसं ऐकता तसं. मी आमच्या सोसायटीच्या रात्रपाळीच्या वॉचमनकाकांशी बोलले. परभणीकडचे, शेती गेली म्हणून इकडे आले. बारा तासांची ड्यूटी, आठवड्याची सुट्टी नाही, सुट्टी घेतली तर एजन्सी पैसे कापते, युनिफॉर्मचेही कापले. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, तिचा एक हात तुटलेला तो सुतळीने बांधलेला. आणि सोसायटीच्या तळमजल्यावर टॉयलेट आहे त्याला कुलूप, कारण कुणीतरी घाण होते अशी तक्रार केली होती, त्यामुळे रात्री जायचं झालं तर ते रस्ता ओलांडून सार्वजनिक शौचालयात जातात आणि तेवढ्यात कुणाची गाडी आली की गेट उघडायला माणूस नाही म्हणून शिव्या खातात. हे सगळं ते मला शांतपणे सांगत होते, तक्रार म्हणूनही नाही, मी विचारलं म्हणून. मधेच म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला मनाला लावून घेताय, सगळीकडं असंच आहे."

पुढच्या मीटिंगमध्ये मी आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विषय काढला. मेंटेनन्स वाढेल, एजन्सीचा प्रश्न आहे, आपण कशाला त्यात पडायचं, सगळं ऐकून झालं. टॉयलेटची चावी केबिनमध्ये आली, बरी खुर्ची आणि पंखा आला. सुट्टीचं अजून अडलंय, एजन्सीला कमिटीने लिहून द्यावं म्हणून मागे लागलोय आणि लागणार आहोत. कोर्समधल्या बाकीच्यांच्याही अशाच गोष्टी होत्या, कुणी घरकाम करणाऱ्या ताईंचा पगार वेळेवर आणि दिवाळीचा बोनस धरून द्यायला लागलं, कुणाला काहीच जमलं नाही आणि त्यांनी तसं सांगितलं. सिस्टर एक गोष्ट बजावून सांगतात ती मला पटली, की मौनाशिवाय असं काम करायला गेलं की महिन्याभरात आपण लोकांवर ओरडायला लागतो आणि आपणच किती चांगले असं वाटायला लागतं. मीटिंगमध्ये मला त्या वीस मिनिटांचा उपयोग झाला, समोरचे गृहस्थ आवाज चढवत होते तेव्हा मी चढवला नाही.

आता तक्रारी.

मोठी तक्रार जातीची. पाचव्या शनिवारी "आपल्या पंगतीबाहेर कोण आहे" यावर गटात बोलायचं होतं. अमेरिकेतल्या वर्णभेदावर आधी छान सेशन झालेलं, लॅटिन अमेरिकेतल्या गरिबांवर झालेलं, आणि आमच्या गटात एका मुलीने विचारलं की आपल्या ख्रिस्ती लग्नाच्या स्थळांमध्ये अजून पूर्वीची जात का विचारतात, त्यावर कधी बोलायचं. वेळ संपत आली म्हणून विषय पुढे ढकलला आणि सहाव्या शनिवारी तो आलाच नाही. हे मला खटकलं आणि मी तसं लिहूनही दिलंय. आमच्या नगरकडच्या कितीतरी घराण्यांचे पणजोबा-खापरपणजोबा गावकुसाबाहेरून ख्रिस्ती झाले, अपमान संपावा म्हणूनही झाले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंनाच ठेवला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेरच आहेत. सरकारकडे आपण ते मागतो आणि मागायलाच हवं, पण मंडळीत, स्मशानभूमीत, लग्नात जे चालतं त्यावर देवासमोर गप्प बसून बघायला आपण तयार नसू तर हृदयपरिवर्तन हा शब्द वापरू नये. लुईव्हिलच्या चौकाइतकंच हे आपल्या घरातलं आहे. पुढच्या बॅचला यावर पूर्ण शनिवार ठेवा अशी माझी मागणी आहे.

दुसरी तक्रार वाचायला दिलेल्या कागदांची. बोलणं सगळं मराठीत आणि झेरॉक्स सगळ्या इंग्रजीत, त्याही पुसट. टीएमटीवाले काका आणि अजून दोघी-तिघी ते कागद तसेच घडी घालून पिशवीत ठेवायच्या. आणि मराठीत आपल्याकडे काही नाही असं थोडंच आहे? कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं म्हणायचे, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघंही बसायचे. पंडिता रमाबाईंचं तर सांगायलाच नको, १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या, त्यांना शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं, आणि त्यांच्या तिथल्या मुक्ती सदनात तासन्‌तास प्रार्थना चालायची. प्रार्थना आणि समाज एकत्र कसे येतात याचं उदाहरण पुणे जिल्ह्यात असताना आपण केंटकीपासून सुरुवात का करायची? कोर्समध्ये अँथनी डिमेलोंचा उल्लेख झाला, मुंबईत जन्मलेले, पुण्यात आणि मग लोणावळ्याला साधना शिकवणारे जेझुइट, आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही लिखाणाबद्दल सावध केलं होतं हेही सिस्टरांनी लपवलं नाही, ते आवडलं. पण टिळक आणि रमाबाई चहाच्या वेळी आमच्याकडूनच निघाले.

तिसरी गोष्ट, ही तक्रारीपेक्षा काळजी म्हणा. मौनात बसलं की दाबून ठेवलेलं वर येतं. एक बाई दुसऱ्या शनिवारी खूप रडल्या आणि नंतर आल्या नाहीत. सिस्टरांनी फोन केला असं कळलं, पण ज्यांना डिप्रेशन आहे किंवा जवळचं माणूस नुकतंच गेलंय त्यांनी आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावं, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं. ही उपचाराची जागा नाही.

आमच्यात एक वारकरी काकूही होत्या, मैत्रिणीसोबत आलेल्या, त्यांनी विचारलं की हे आमच्या नामस्मरणासारखंच ना. सिस्टर म्हणाल्या, "जवळचं आहे, पण आम्ही ख्रिस्ताच्या पायाशी बसतो, तुम्ही विठोबाच्या बसा, एकमेकांच्या शेजारी बसायला काय हरकत आहे." काकू सहाही शनिवार आल्या. मावशींच्या भीतीबद्दल विचारलं तर सिस्टरांनी मत्तयाचा सहावा अध्याय उघडून दिला, खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे बघणाऱ्या पित्याजवळ प्रार्थना कर. मावशींना मी तेवढंच दाखवलंय, अजून त्यांचं पूर्ण समाधान झालेलं नाही.

बाकी किरकोळ: लिफ्ट नाही, जिना उंच आहे, गुडघे दुखत असतील तर कुणाचा तरी हात धरून चढा, वर खुर्च्या आहेत, खाली बसायची सक्ती नाही. पार्किंग विसरा. आपली मराठी बायबल आणि पाण्याची बाटली घेऊन जा. पैशांसाठी दाराशी डबा ठेवलेला असतो, कुणी बघत नाही. पाचपैकी चार देतेय. पुढच्या लेंटला जे कुणी जातील त्यांनी पाचव्या शनिवारी तो राहिलेला प्रश्न परत विचारा, मीही त्या दिवशी येऊन बसणार आहे.